गच्चीवरचं हवामान खातं

२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र दक्षिण पुण्यातली माणसं विसरलेली नाहीत. कात्रजच्या डोंगरउतारावरून आलेलं पाणी आंबिल ओढ्यात मावेना. अरण्येश्वर, सहकारनगर, टांगेवाला कॉलनी या भागांत ते घरांत शिरलं, भिंती कोसळल्या, शहर आणि जिल्ह्यात मिळून वीसहून अधिक माणसं गेली. शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या अनेकांना हे सगळं दुसऱ्या दिवशी सकाळी टीव्ही लावल्यावर कळलं. ‘आमच्याकडे एवढा नव्हता हो,’ हे वाक्य पुढचे कितीतरी दिवस ऐकू येत होतं आणि ते खोटंही नव्हतं.

‘पुण्याचा पाऊस’ म्हणून जो आकडा आपण वर्तमानपत्रात वाचत मोठे झालो तो शिवाजीनगरच्या वेधशाळेचा. वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या पुढचा. पण पश्चिमेला लोणावळ्यात पाऊस चार हजार मिलिमीटर ओलांडतो आणि पूर्वेला बारामतीकडे तो पाचशेच्या आसपास घुटमळतो. या उतरंडीच्या मधोमध पुणं बसलेलं आहे. त्यामुळे बावधनात छत्री उघडी आणि हडपसरात रस्ते कोरडे, हे नित्याचंच. थंडीतही तेच. पाषाणचं किमान तापमान आणि मगरपट्ट्याचं किमान तापमान यांत एकाच पहाटे पाच-सहा अंशांचा फरक दिसतो. हवामान खात्याने आता पाषाण, लोहगाव, चिंचवड, लवळे, मगरपट्टा, कोरेगाव पार्क अशी केंद्रं वाढवली आहेत, त्यामुळे हा फरक निदान आकड्यांत तरी दिसू लागला. पण आपल्या गच्चीवर काय पडलं, हे सांगणारं केंद्र आपल्याच गच्चीवर हवं, ही हौस पुणेकराला न होती तरच नवल.

ही हौस पूर्वी महाग होती. परदेशी बनावटीचं तयार हवामान केंद्र घ्यायचं तर आजही पंधरा-वीस हजार सहज मोडतात. पण चार-पाचशे रुपयांत मायक्रोकंट्रोलर बोर्ड, म्हणजे सेन्सर वाचणारे तळहातावर मावणारे संगणक, मिळायला लागले आणि चित्र पालटलं. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या अंगाने तपकीर गल्लीत शिरलं, की मोबाइलची कव्हरं, दिव्यांच्या माळा आणि चार्जर यांच्या गर्दीत पाच-सहा दुकानं अशी सापडतात जिथे काचेखाली हे बोर्ड मांडलेले असतात. जून उजाडला की इथे इंजिनिअरिंगच्या मुलांसोबत पन्नाशी-साठीचे काकाही दिसतात. प्रश्न ठरलेला: ‘हवामान केंद्र करायचंय, स्वस्तातला कुठला बोर्ड देऊ शकाल?’ काउंटरवरचा मुलगाही ठरलेलं विचारतो: ‘वायफाय पाहिजे का साधा?’

माझ्या मते दोघंही चुकीच्या टोकाकडून सुरुवात करतात. केंद्र कुठे उभं राहणार, त्याला वीज कोण पुरवणार आणि त्याला पाऊस मोजायचाय का, या तीन प्रश्नांची उत्तरं दिली की बोर्ड आपोआप ठरतो. किमतीतला शे-दोनशेचा फरक हा त्यातला सगळ्यात किरकोळ भाग आहे. स्वस्त बोर्ड तोच, ज्याच्यासाठी भर पावसात गच्चीवर चढावं लागत नाही.

मोजमापाच्या बाबतीत पुण्याला मोठी परंपरा आहे, तिच्याबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. भारतीय हवामान खातं स्थापन झालं १८७५ मध्ये. त्याचं मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्याला आलं आणि १९४४ मध्ये दिल्लीला गेलं. शिवाजीनगरची ती दगडी इमारत मात्र ‘शिमला ऑफिस’च राहिली, आणि तिथला चौकही. मुख्यालय गेलं तरी उपकरणांचं काम पुण्यात राहिलं. १९४८ मध्ये इथे अ‍ॅना मणी रुजू झाल्या. जन्म केरळातला, १९१८ चा. बंगळूरला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत हिरे आणि माणकांच्या प्रकाशीय गुणधर्मांवर काम. प्रबंध तयार असूनही एम.एस्सी. नाही म्हणून मद्रास विद्यापीठाने पीएच.डी. नाकारलेली. मग शिष्यवृत्तीवर लंडनच्या इम्पिरिअल कॉलेजात हवामानाच्या उपकरणांचा अभ्यास. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाला साधे तापमापक आणि पर्जन्यमापकही बाहेरून आणावे लागत. मणींनी शंभरेक उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून त्यांचं उत्पादन इथे सुरू करून दिलं. १९५३ पर्यंत त्यांच्या हाताखाली १२१ पुरुष काम करत होते. चुकीचं मोजण्यापेक्षा न मोजलेलं बरं, असं त्यांचं मत होतं. गच्चीवर केंद्र उभारणाऱ्याने बोर्ड विकत घेण्याआधी हे मत ध्यानात घ्यावं.

प्रमाणित आराखडा हातात असला की कुठल्याही बऱ्या वर्कशॉपला उपकरण बनवता येतं. २००५ च्या सुमारास इटलीतल्या इव्रिया गावी काही शिक्षकांनी विद्यार्थ्यांसाठी आर्डुइनो बनवला आणि त्याचे आराखडे सगळ्यांना खुले ठेवले, तेव्हा नेमकं हेच घडलं. म्हणून तर अस्सल आर्डुइनो उनो दोन हजारांच्या घरात असताना तपकीर गल्लीत त्याची नक्कल चारशेच्या आसपास मिळते, आणि तिला चोरीचा माल म्हणता येत नाही.

मग हा उनोच घ्यावा का? शिकायला उत्तम. चुकीची वायर लागली तरी सहसा जळत नाही, पाच व्होल्टवर चालतो, बारावीतल्या मुलालाही एका दुपारी वश होतो. पण त्याच्यातली एटीमेगा३२८पी ही चिप १६ मेगाहर्ट्झची, तात्पुरती स्मृती जेमतेम २ किलोबाइट आणि वायफाय नाही. वायफायसाठी त्याला ईएसपी८२६६ चं छोटं मॉड्यूल जोडतात. गंमत अशी, की हे शेपटासारखं लावलेलं मॉड्यूल मूळ बोर्डापेक्षा कितीतरी ताकदवान असतं. मग शेपूटच घ्यावं की!

ते ईएसपी८२६६ म्हणजे शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची २०१४ ची चिप. तिच्यावरचा नोडएमसीयू बोर्ड अडीच-तीनशेत मिळतो. ८० मेगाहर्ट्झ, अंगचं वायफाय, बहुतेक बोर्डांवर ४ मेगाबाइट साठवण. याच कंपनीची ईएसपी३२ ही २०१६ ची चिप: दोन गाभे, २४० मेगाहर्ट्झपर्यंत वेग, ५२० किलोबाइट स्मृती, वायफायसोबत ब्लूटूथ. बोर्ड चारशे ते साडेपाचशे. तिसरा दावेदार रास्पबेरी पाय पिको, जानेवारी २०२१ मध्ये चार डॉलरला आलेला. त्याचा वायफायवाला भाऊ पिको डब्ल्यू २०२२ मध्ये सहा डॉलरला. पिकोची छपाई सुबक, कागदपत्रं तर इतकी नेटकी की बाकीच्यांनी शिकावं. ऑनलाइन घ्यायचं तर मॅकफॉस ही कंपनी पुण्याचीच आहे, तिच्या रोबू डॉट इनवरून देशभर हा माल जातो. त्यामुळे पुणेकराला आज मागवून उद्या हातात, अशी चैन आहे. गल्लीत गेलं तर मात्र घासाघीस आणि दोन शहाणपणाचे शब्द फुकट.

आणखी एक नाव घेतलंच पाहिजे, कारण त्याचा पुण्याशी संबंध आहे. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली, १९९१ मध्ये तिने परम ८००० हा महासंगणक दिला. त्याच सी-डॅकच्या तिरुवनंतपुरम केंद्राने ‘वेगा’ या देशी प्रोसेसरांची मालिका तयार केली आणि तिच्यातल्या तेजस३२ चिपवर एरिझ नावाचे बोर्ड काढले. १०० मेगाहर्ट्झ, आर्डुइनोच्याच सॉफ्टवेअरमधून चालणारे. देशी बोर्डावर देशी पावसाची नोंद, ही कल्पना कुणालाही आवडेल. मात्र चिपमध्ये वायफाय नाही आणि उनोइतके तयार नमुने जमा झालेले नाहीत. कॉलेजातल्या प्रकल्पासाठी मी हाच सुचवेन. सासऱ्यांच्या गच्चीसाठी नाही.

आता मुद्द्याचं. गच्चीवर प्लगची सोय असेल, वायफाय पोचत असेल आणि फक्त तापमान, आर्द्रता, वायुदाब एवढंच मोजायचं असेल, तर वरच्या यादीतला वायफायवाला कुठलाही बोर्ड डोळे मिटून घ्यावा. अडीचशेचा नोडएमसीयू पुरेसा. फक्त दोन गोष्टी पाहून घ्याव्यात. हे बोर्ड २.४ गिगाहर्ट्झचंच वायफाय ओळखतात. नव्या राउटरवर पाच गिगाहर्ट्झ आणि हे एकाच नावाखाली असलं तर बोर्ड कधीकधी अडून बसतो, तेव्हा दोन्हींना वेगळी नावं द्यावीत. आणि वळवाचा पहिला तडाखा बसला की लाईट जाते, लाईट गेली की राउटर जातो, म्हणजे ज्या अर्ध्या तासासाठी केंद्र बसवलं तोच अर्धा तास नोंदीतून गायब. राउटर इन्व्हर्टरवर घ्यावा. केंद्राला पाठीशी एक छोटी बॅटरी द्यावी आणि बोर्डाच्या साठवणीत नोंदी लिहून ठेवून जोडणी आल्यावर पाठवाव्यात. मग वेळ चुकू नये म्हणून डीएस३२३१ हे छोटं घड्याळ सोबत लावावं, त्याची बटण बॅटरी वर्षानुवर्षं टिकते.

पण पुण्यातल्या बहुतेक सोसायट्यांत गच्चीवर प्लग नसतो, आणि असला तरी तो टाकीच्या पंपाचा असतो. त्याला हात लावायचा तर सेक्रेटरींची लेखी परवानगी. म्हणजे आलं सौरपॅनेल आणि बॅटरीवर. इथून खेळ बदलतो, कारण इथे बोर्ड काम किती वेगाने करतो याला किंमत नाही, तो झोपतो कसा याला आहे.

एक साधा कागदावरचा हिशेब करू. २५०० मिलिअँपिअर-तासांचा लिथियम सेल आहे, पॅनेल नाही असं धरू. उनो जागाच असतो, ४५ मिलिअँपिअर ओढतो. सेल सव्वादोन दिवसांत संपला. ईएसपी८२६६ ची चिप गाढ झोपेत फक्त २० मायक्रोअँपिअर घेते असं तिच्या माहितीपत्रकात आहे, आणि ते खरंही आहे. पण आपण चिप विकत घेत नाही, बोर्ड घेतो. बोर्डावर ३.३ व्होल्ट करून देणारा एएमएस१११७ हा रेग्युलेटर बसलेला असतो, तो काही काम नसतानाही पाचेक मिलिअँपिअर खातो. वर यूएसबीची चिप, वर कौतुकाने पेटत राहणारा लाल दिवा. मिळून आठ धरा. चिप झोपली, घर जागं! दर दहा मिनिटांनी पाच सेकंद उठून शंभरेक मिलिअँपिअरने वायफायवर नोंद पाठवायची, तर त्याची सरासरी पाऊण मिलिअँपिअरच्या थोडी वर, ०.८३ पडते. दोन्ही मिळून सेल बाराएक दिवस टिकतो. हाच बोर्ड जर चांगल्या रेग्युलेटरचा असला आणि झोपेत ५० मायक्रोअँपिअरवर थांबला, तर तोच सेल जवळजवळ चार महिने जातो. चार महिने म्हणजे मृग ते हस्त, अख्खा पावसाळा. आषाढात पुण्यात आठ-आठ दिवस ऊन पडत नाही, तेव्हा पॅनेलच्या भरवशावर राहणाऱ्याला हा फरक कळतो.

म्हणून बॅटरीवर चालणाऱ्या केंद्रासाठी साडेचारशेचा साधा बोर्ड आणि नऊशे-हजाराचा कमी खाणारा बोर्ड यांत दुसराच स्वस्त. किंवा मग हातात डागणी घ्यायची: लाल दिव्याचा डाग सोडवून तो काढून टाकायचा, आणि बोर्डावरच्या रेग्युलेटरला वळसा घालून बाहेरून कमी खाणारा लावायचा. शंभर रुपयांचं काम आहे, पण हात थरथरता कामा नये.

आता पाऊस. घरगुती केंद्रात तो मोजतात तो डोलणाऱ्या बादलीने: नरसाळ्याखाली तराजूसारखी दोन छोटी भांडी असतात, एक भरलं की कलंडतं, दुसरं धारेखाली येतं. प्रत्येक कलंडण्याला एक लोहचुंबक रीड स्विचवरून सरकतो आणि एक ठोका मिळतो. ठोके मोजले की पाऊस मोजला. सोपं आहे, फक्त ठोका पडताना बोर्ड झोपलेला असला तर? ईएसपी८२६६ गाढ झोपेतून उठतो तो एक तर ठरलेल्या वेळी, नाही तर त्याला रीसेट करून. मधले ठोके त्याच्या गावीही नसतात. ज्यांनी तो लावला ते मग बाहेरून वेगळी मोजणारी चिप जोडतात. ईएसपी३२ मध्ये ही सोय घडणीतच आहे: ठरावीक पिनवर ठोका आला की तो क्षणभर उठतो, झोपेतही शाबूत राहणाऱ्या स्मृतीतला आकडा एकाने वाढवतो आणि पुन्हा झोपतो. वायफाय सुरू करण्याची भानगड नाही. पिकोला मोजता छान येतं, पण त्याची झोप सावध. मिलिअँपिअरच्या आसपास तो घेतच राहतो. दोन बोर्डांमधल्या वेग, स्मृती, गाभे अशा सगळ्या फरकांत पावसाच्या दृष्टीने हा एकच महत्त्वाचा आहे, आणि दुकानातल्या तक्त्यावर तो लिहिलेला नसतो. सौरपॅनेल आणि पर्जन्यमापक दोन्ही असतील तर माझं मत ईएसपी३२ ला.

बोर्डावर दोनशे रुपये वाचवणारे लोक सेन्सरवर फसतात. सगळ्यात स्वस्त डीएचटी११, निळ्या जाळीचा. त्याची चूक दोन अंशांपर्यंत जाऊ शकते. शिवाजीनगर आणि आपली गच्ची यांत फरकच दोन अंशांचा असेल, तर हा सेन्सर काय सांगणार? त्याचा पांढरा थोरला भाऊ डीएचटी२२ अर्ध्या अंशापर्यंत येतो. बहुतेक लोक शेवटी बॉशच्या बीएमई२८० वर येतात, कारण एका इवल्याशा चौकोनात तापमान, आर्द्रता आणि वायुदाब तिन्ही. आणि इथेच बाजाराची खोड. बीएमपी२८० हा त्याचा आर्द्रता नसलेला, निम्म्याहून कमी किमतीचा भाऊ, त्याच जांभळ्या पट्टीवर बसवून बीएमई म्हणून सर्रास विकला जातो. पट्टीवर दोन्ही नावं छापलेली असतात, त्यामुळे वाचून उपयोग नाही. भिंग घ्यावं. बीएमई२८० चा धातूचा डबा चौरस असतो, अडीच मिलिमीटर बाय अडीच. बीएमपी२८० चा एका बाजूने दोनच मिलिमीटर, म्हणजे आयताकृती. तेही नको असेल तर जोडून चिपलाच तिचा क्रमांक विचारावा: हेक्समध्ये ६० आलं तर बीएमई, ५८ आलं तर बीएमपी. गल्लीतले चांगले दुकानदार काउंटरवरच जोडून दाखवतात. जो दाखवायला का-कू करतो त्याच्याकडून घेऊ नये.

सेलचंही तसंच. १८६५० आकाराच्या सेलवर ९८०० एमएएच छापलेलं दिसलं तर हसून पुढे जावं. या आकारात साडेतीन हजाराच्या फार पुढे कुणी गेलेलं नाही. अस्सल सेलचं वजन पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास भरतं. सोनाराचा नाही तरी स्वयंपाकघरातला काटा घरात असतोच.

पहिल्यांदा बीएमई जोडला की हमखास एक फोन येतो: ‘अहो, सेन्सर खराब निघाला. वायुदाब १०१३ पाहिजे ना? हा ९४७ दाखवतोय!’ सेन्सर ठणठणीत असतो. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे. दर साडेआठ-नऊ मीटरला एक हेक्टोपास्कल या हिशेबाने साठेक हेक्टोपास्कल कमी दिसणारच. बातम्यांतला आकडा समुद्रसपाटीला आणून सांगितलेला असतो. ते गणित प्रोग्रॅममध्ये एका ओळीचं आहे.

आणि मग घर. सेन्सरचं. सुंदर डबी, पारदर्शक झाकण, आत बोर्ड, बोर्डाला चिकटून सेन्सर, आणि सगळं एप्रिलच्या गच्चीवर: तापमान पन्नासच्या पुढे. पुण्याच्या नोंदीतला उच्चांक ३० एप्रिल १८९७ चा ४३.३ अंशांचा आहे. तो कोथरूडच्या एखाद्या गच्चीवर दर उन्हाळ्यात मोडत असेल तर दोष कोथरूडचा नाही. हवेचं तापमान मोजायचं तर सावलीत, हवा खेळती ठेवून, तापलेल्या स्लॅबपासून वर. वेधशाळेतली ती पांढरी झडपांची लाकडी पेटी यासाठीच असते. ती स्कॉटलंडच्या थॉमस स्टीव्हन्सन या दीपगृह बांधणाऱ्या इंजिनिअरची. ‘ट्रेझर आयलंड’वाल्या रॉबर्ट लुईचे हे वडील. घरी तिची नक्कल करायला कुंड्यांखालच्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या ताटल्या घ्याव्यात, सात-आठ. मधल्यांना मोठं भोक पाडायचं, पालथ्या घालून आट्याच्या सळीवर बोटभर अंतराने ओवायच्या, वरची अखंड ठेवायची. सेन्सर मधोमध लोंबता. बोर्ड आणि सेल मात्र वेगळ्या डबीत, खाली सावलीत, कारण ईएसपी स्वतः तापतो आणि लिथियम सेल ४५ अंशांवर चार्ज करू नये असं बनवणारे स्वतःच सांगतात. दीडशे-दोनशे रुपयांच्या या ताटल्या बोर्डापेक्षा जास्त अचूकता देतात.

उंचीचा मुद्दाही पुण्याने जगाला शिकवलेला आहे. इथे १९३२ मध्ये हवामान खात्याचा कृषी-हवामान विभाग सुरू झाला, त्याचे प्रमुख एल. ए. रामदास. निरभ्र, निवांत रात्री सगळ्यात थंड हवा जमिनीला टेकून असते, असं तोवर सगळे धरून चालले होते. रामदास आणि त्यांच्या सहकाऱ्याने मोजून दाखवलं, की सगळ्यात थंड थर जमिनीला चिकटून नसतो, वीत-दोन वीत वर असतो. पाश्चात्त्य शास्त्रज्ञांना ते बराच काळ पटेना, मोजण्यात चूक असेल असं वाटलं. आज तो ‘रामदास थर’ म्हणून ओळखला जातो. तेव्हा तापमापक सव्वा ते दोन मीटर उंचीवर हवा हा नियम कुणाची लहर नव्हे.

गच्चीबाहेर, शेतावर गेलं की हिशेब पुन्हा बदलतो. शिरूर तालुक्यातल्या कोरडवाहू पाबळला डॉ. श्री. श्री. कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला. हिंदुस्तान लिव्हरमधली संशोधनाची मोठी नोकरी सोडून गावातल्या शाळागळती झालेल्या मुलांना हाताने कामं शिकवायची, असा तो उद्योग. २००२ मध्ये एमआयटीच्या नील गर्शनफेल्ड यांनी अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी एक इथे सुरू केली. शहरांना डावलून पाबळची निवड झाली, कारण तिथे लोक आपल्या गरजेची उपकरणं आधीपासूनच स्वतः बनवत होते. अशा ठिकाणी वायफाय बांधापर्यंत पोचत नाही. तिथे लोरा हे रेडिओ तंत्र कामाला येतं: थोडीशी माहिती, अगदी कमी विजेत, मोकळ्या रानात काही किलोमीटर. भारतात त्यासाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्याशिवाय वापरता येतो. मॉड्यूल घेताना पट्टा तपासून घ्यावा, ४३३ वालं स्वस्त म्हणून उचलू नये. आणि इथे आपला म्हातारा एटीमेगा पुन्हा मैदानात येतो. उनो बोर्डावरून उतरवून, ८ मेगाहर्ट्झवर, ३.३ व्होल्टला एकटा चालवला तर तो झोपेत काही मायक्रोअँपिअरच घेतो. पेठेत निवृत्त झालेला बांधावर कामाला लागतो.

शेतकऱ्याला या नोंदीची गरज शहरी हौशी माणसापेक्षा कितीतरी जास्त आहे. महावेध प्रकल्पातून २०१७ पासून राज्यात महसूल मंडळनिहाय दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रं उभी राहिली, आणि हवामानावर आधारित पीकविम्यात मंडळाच्या केंद्राचा आकडाच धरला जातो. मंडळात गावं पुष्कळ, केंद्र एक. वळीव मात्र शिवार बघून पडतो. घरच्या केंद्राचा आकडा विम्याच्या कागदावर चालत नाही. फवारणी आज करू की उद्या, पाणी द्यायचं की थांबायचं, हे ठरवायला मात्र चालतो.

शेवटचं काम बोर्डाचं नाही, मेडिकलच्या दुकानातलं आहे. पर्जन्यमापक विकत घेतलेला असो की घरी छापलेला, त्याच्या खोक्यावर लिहिलेला ‘एका ठोक्याला ०.२ मिलिमीटर’ हा आकडा तपासल्याशिवाय मानू नये. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. नरसाळ्याचं तोंड १६ सेंटिमीटर व्यासाचं असेल तर क्षेत्रफळ २०१ चौरस सेंटिमीटर, म्हणजे १० मिलिमीटर पावसाला २०१ मिलिलिटर पाणी. तेवढं मोजून सलाईनच्या बाटलीत भरायचं, सलाईनचा सेट लावायचा, चाक फिरवून तास-दीड तासात रिकामी होईल अशी धार बांधायची आणि थेंब नरसाळ्यात सोडून चहाला जायचं. पन्नास ठोके यायला हवेत. सेहेचाळीस आले तर एका ठोक्याची किंमत ०.२ नसून ०.२१७ आहे, हा आकडा प्रोग्रॅममध्ये घालायचा. मग चाक पूर्ण उघडून पुन्हा एकदा तेच करायचं. या वेळी ठोके आणखी कमी येतील, कारण बादली कलंडत असतानाही पाणी पडतच राहतं आणि ते मोजलं जात नाही. ढगफुटीसारख्या पावसात सगळीच डोलणाऱ्या बादलीची यंत्रं कमी दाखवतात ती यामुळे. नरसाळ्याच्या काठावर उभ्या तारा लावायच्या, नाही तर कबुतरं बसतात. आणि कठड्यापासून त्याच्या उंचीच्या निदान दुप्पट लांब राहायचं.

वेधशाळेचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला बदलतो, मध्यरात्री नाही. घरच्या केंद्राचाही तसाच ठेवला तर शिवाजीनगरचा आकडा आणि आपला आकडा एका ओळीत लिहिता येतात. वहीत तीन रकाने पुरतात: वायुदाब, किमान तापमान, पाऊस. समुद्रसपाटीला आणलेल्या वायुदाबातला फरक रोज जवळपास तेवढाच आला पाहिजे. तो सरकायला लागला तर सेन्सर बघावा. तापमानातला फरक ऋतूप्रमाणे बदलेल, थंडीत जास्त. पावसातला फरक रोज वेगळा येईल आणि त्याला दुरुस्त करायला जाऊ नये.